चुकीच्या घड्याळाप्रमाणे

ग्रेत्स्युने दिलेली सायकल त्याच्या भावाची.
केलिनु. उंच होता. ऑस्ट्रेलियाला गेला तो गेलाच.
सीट खाली घ्यायला पाना सापडेना,
म्हणून दर थांब्याला मी
चवड्यांनी जमीन चाचपते.
लहानपणी कैची मारत थोरल्याची सायकल हाणायचे,
साठीतही वाट्याला
दुसऱ्याच्याच मापाची.

गावच्या चर्चला दोन घड्याळं.
एक बरोबर, एक मुद्दाम चुकीचं:
सैतानाला नेमकी वेळ कळू नये.
एकतीस वर्षं लेट मस्टरवर सह्या केलेली बाई मी,
दोन्हींतलं आपलं कोणतं, हे कुणाला विचारलं नाही.
त्यात सव्वादहा वाजले तेव्हा निघाले.

गोझो केवढं?
घाई केली तर जेवायच्या आत संपेल.
म्हणून पुरवून पुरवून.
एक चढ, मग गडग्याला टेकून पाणी.
चुना नाही, माती नाही,
दगडाने दगडाला नुसतं धरून ठेवलेलं.
फटींतून केपरची झुडपं, निवडुंगाला पिवळी फुलं.
एक पोरगा कळ्या खुडून डब्यात टाकतोय,
टण्, टण्,
मग तळ झाकला जातो
आणि आवाज मऊ होतो.
तो ऐकण्यात किती वेळ गेला
ते बरोबरच्या घड्याळाला ठाऊक.

शाऱ्याहून मार्साल्फोर्नचा उतार.
ब्रेक दाबला की सायकल किंचाळते, थांबत मात्र नाही,
अगदी आमची बेबीआत्या.
खाली बंदरात दोन म्हातारे जाळं शिवत बसलेले.
'बोन्जू,' एकाने मान वर केली.
'बोन्जू,' मी, त्यांना ओलांडून गेल्यावर.

पुढे श्वेइनीची मिठागरं.
खडकात कोरलेली चौकोनी ताटं, शेकडो.
पंगत बसायची आहे अजून,
सगळ्या पानांत फक्त मीठ वाढून झालंय
आणि वाढपी कुठेतरी गप्पा मारत राहिलेत.
बघत राहिले,
आणि पडले.

खराटा टाकून साल्विना आली.
ओंजळीत ताटातलं पाणी घेतलं, थेट गुडघ्यावर.
जखमेवर मीठ
आजवर नुसतं बोलण्यात वापरलं होतं.
मी बोंबलले. ती हसली. मग मीही.

हातवाऱ्यांनी मी सांगितलं, लांबून आले.
तिने समुद्राकडे हात केला, सगळ्या समुद्राकडे:
'दिन्या.'
'दुनिया,' मी म्हटलं.
एवढा एकच शब्द निघाला
दोघींच्या पिशव्यांत सारखा.

मग तिने सायकल उभी केली.
घंटी पुसली. कॅरिअरवर तळवा ठेवला.
डोक्याच्या वर हात नेऊन दाखवलं, एवढा उंच,
आणि माझ्याकडे पाहिलं,
जणू तो मागून येतोय का ते मला माहीत असावं.

खडकातल्या खोलीतून, मिठाच्या गोण्यांमागून,
तिने पाना आणला.
सीटखालच्या नटाला लावला.
लावून बसली.
वारा होता. मीठ खराट्याशिवायच सरकत होतं.
'राहू दे,' मी म्हटलं, मराठीत.
तिने पाना पदरासारख्या एप्रनमध्ये गुंडाळला.

तिच्या मिठाशी टोमॅटो खाल्ला, शिळा पाव खाल्ला,
झावाच्या सावलीत तासभर निजले.
परतीचा सगळा चढ चालत,
सायकल हाताशी धरून, दुखऱ्या गुरासारखी.

संध्याकाळी ग्रेत्स्युने पुडी उघडली,
चिमूट जिभेवर ठेवली, डोळे मिटले.
'श्वेइनी,' म्हणाला.
कुणाचं, ते म्हणाला नाही.
'सीट उंच झाली ना फार?'
'नाही,' मी म्हटलं, 'उद्याही हीच दे.'

बाहेर एका घड्याळात सात झाले.
दुसऱ्यात अजून ऊन होतं.